सायबोर्ग आहे, पण चालेल : एक कोरियन प्रेमपट आणि न जेवणारी माणसं

केतकी_क | शनिवार, रात्री ११:२०

आधीच सांगते, खाली चित्रपटाची गोष्ट शेवटासकट येणार आहे. पाहायचा असेल तर पाहून या, धागा कुठे पळून जात नाही.

पार्क चान-वूक हे नाव इथल्या बऱ्याच जणांना सूडपटांमुळे माहीत असेल. २००२, २००३ आणि २००५ असे त्याने तीन सूडपट केले. त्यातल्या मधल्या 'ओल्डबॉय'ने त्याला जगभर पोचवलं. त्यानंतर लगेच, डिसेंबर २००६मध्ये, त्याचा जो चित्रपट आला तो मनोरुग्णालयात घडणारी प्रेमकथा होती. इंग्रजी नाव 'आय अ‍ॅम अ सायबोर्ग, बट दॅट्स ओके'. नायक रेन. तेव्हा तो आशियाभर गाजलेला गायक होता आणि हा त्याचा पहिला चित्रपट. नायिका इम सू-जंग. कोरियात तो फारसा चालला नाही. पुढे फेब्रुवारी २००७मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला आल्फ्रेड बाउअर पुरस्कार मिळाला. मी तो गेल्या आठवड्यात पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

यंग-गुन रेडिओच्या कारखान्यात काम करते. आपण माणूस नाही, सायबोर्ग, म्हणजे अर्धं शरीर अर्धं यंत्र आहोत, अशी तिची खात्री आहे. एक दिवस ती स्वतःला विजेच्या तारा जोडून घेते. बाकीच्यांना तो जीव द्यायचा प्रयत्न वाटतो आणि तिची रवानगी रुग्णालयात होते. तिथे ती ट्यूबलाइटशी बोलते, पेयांच्या यंत्राशी बोलते, आणि बोलताना आजीची कवळी तोंडात घालते. ही आजी स्वतःला उंदीर समजायची आणि फक्त मुरवलेला मुळा खायची. तिला पांढऱ्या कपड्यातली माणसं गाडीत घालून घेऊन गेली आणि कवळी घरीच राहिली. आता आजी मुळा कसा चावणार, हे त्या पोरीचं दुःख आहे. अख्ख्या चित्रपटात तिला दुसरं काही नको आहे. पांढऱ्या कपडेवाल्यांना संपवायचं आणि आजीला कवळी द्यायची. पण त्यांना मारायचं म्हटलं की तिला त्यांची दया येते.

इल-सुन तिथलाच रुग्ण. तो चोर आहे, पण पैशाअडक्याचा नाही. दुसऱ्याचा टेबल टेनिसचा हात चोरतो, एका बाईचा गुरुवार चोरतो. स्वतः बनवलेले सशाचे मुखवटे घालून फिरतो. आपण आक्रसत आक्रसत ठिपका होऊ आणि मग नाहीसे होऊ, ही त्याची भीती. यंग-गुन त्याला विनवते, माझी दया तेवढी चोरून ने. तो नेतो. आणि मग ती दया त्याच्या अंगात काम करायला लागते.

कारण यंग-गुन जेवत नाही. यंत्राने भात खाल्ला तर यंत्र बिघडेल ना! ती बॅटरीला जीभ लावून बसते आणि खंगत जाते. डॉक्टर समजावतात, विजेचे झटके देतात, नळीने भरवून पाहतात. शेवटी इल-सुन तिला एक यंत्र दाखवतो. नाव 'राइस-मेगाट्रॉन'. अन्नाची वीज करणारं यंत्र. तो ते तिच्या पाठीतून आत 'बसवतो' आणि जन्मभराची दुरुस्तीची हमी देतो. मग ती सगळ्यांसमोर पहिला घास घेते.

त्या घासाला मी हमसून हमसून रडले, आणि का रडले ते सांगण्यासाठी हा धागा काढला आहे.

माझी आत्या आमच्याकडे राहायची. मी अकरा वर्षांची असताना तिने जेवण सोडलं. तिला वाटायचं, तिच्या ताटात काहीतरी कालवतात. बाबा रोज तिच्यासमोर तिच्याच ताटातला घास खाऊन दाखवायचे. ती म्हणायची, "तुला त्याचा उतारा दिलेला आहे, मला माहितीये." बाबा चिडायचे, आई रडायची, ताट तसंच परत जायचं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. मग एक दिवस आजीने बाजारातून केळ्यांची फणी आणली, न सोललेली, आणि तिच्यापुढे ठेवली. "याच्यात कोण काय घालणार? हे देवानेच शिवून पाठवलंय." आत्याने केळं फिरवून फिरवून पाहिलं, शिवण शोधल्यासारखं. मग सोललं आणि खाल्लं. पुढचे दोन-अडीच महिने आमच्या घरात सालाचं, कवचाचं अन्न येत होतं. शहाळी, सालासकट उकडलेली अंडी, भुईमुगाच्या शेंगा, मोसंबी. बाबा म्हणायचे, तू तिच्या वेडाला खतपाणी घालतेयस. आजीचं उत्तर मला शब्दशः आठवतं. "पटवू नंतर. आधी पोटात जाऊ दे."

औषधं चालू होतीच, नंतर ती लागूही पडली. पण औषध लागू पडेपर्यंत माणूस जिवंत राहावं लागतं, आणि ते काम केळ्यांनी केलं. इल-सुनचं यंत्र पाहिलं आणि तीस वर्षांनी मला त्या फणीचा अर्थ लागला.

तुम्हाला काय वाटतं? समोरच्याच्या भ्रमात शिरून त्याला भरवणं बरोबर का?

---

श्रावणी_मालिकावेडी | शनिवार, रात्री ११:५८

केतकी, अंगावर काटा आला.

मी हा चित्रपट कॉलेजात असताना पाहिला होता, फक्त रेनसाठी. 'फुल हाऊस' मालिकेतला रेन डोक्यात होता. इथे तो अर्धा वेळ सशाच्या तोंडात. वीस मिनिटांत बंद केला होता. आता तुझं वाचून परत बसते. आणि आजीची कवळी! ते मला आठवतंय, मी तेव्हा हसले होते. आज वाचताना नाही हसू आलं.

---

अश्विन_द | रविवार, सकाळी ८:१०

लेख मनापासून लिहिला आहे, तरीही मला हा चित्रपट खटकतो आणि ते स्पष्ट लिहितो.

पहिला आक्षेप. रुग्णालय फार देखणं आहे. पोपटी भिंती, गुळगुळीत जमिनी, कापसासारख्या खोल्या. आणि रुग्ण म्हणजे गमतींचा संग्रह. एक गृहस्थ सगळ्या जगाची माफी मागत उलटे चालतात, एक बाई पायमोजे घासून उडायचा प्रयत्न करतात, कोणी आल्प्समधल्यासारखं गातं. प्रत्येकाला एकेक लकब वाटून दिली आहे. मनाच्या आजारात जो कंटाळा असतो, महिनोन् महिने छताकडे बघत पडून राहणं असतं, ते यात कुठे आहे?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. प्रेम मिळालं की मनाचा आजार बरा होतो, ही समजूत आपल्याकडे अजून जिवंत आहे. 'लग्न करून द्या, ठीक होईल' म्हणत किती मुलींची आणि मुलांची आयुष्यं उधळली. असा चित्रपट गोड रंगात तेच सांगतो का, याची मला काळजी वाटते.

---

केतकी_क | रविवार, सकाळी ९:३५

अश्विन, पहिला आक्षेप मला बराचसा मान्य आहे. कंटाळा खरंच नाही.

दुसऱ्याबद्दल मात्र मी भांडेन. ती बरी कुठे होते? शेवट आठव. जेवायला लागल्यावर तिचा भ्रम कमी होत नाही, उलट वाढतो. आपलं प्रयोजन काय, हे आजी तिला सांगते असं तिला दिसतं, आणि त्यातून तिची खात्री होते की आपण अणुबॉम्ब आहोत आणि फुटायला एक अब्ज व्होल्ट लागतील. म्हणजे वीज अंगावर घ्यायची. इल-सुन तिला "तू बॉम्ब नाहीस" असं एकदाही म्हणत नाही. तिच्याबरोबर वादळी पावसात माळावर जातो, तंबू ठोकतो, वीज ओढायची काठी उभी करतो. आणि तिच्या नकळत काठीच्या टोकाला वाइनच्या बाटलीचं बूच बसवतो.

मला त्या बुचाने जिंकलं. वाद नाही, तंबूतून निघून जाणंही नाही. ती मरणार नाही एवढी तजवीज केली आणि बाकी रात्रभर भिजत शेजारी बसला. सकाळी इंद्रधनुष्य आहे, दोघं आहेत, आजार आहे तिथेच आहे. 'लग्न करून द्या' वाल्यांना हे परवडणार नाही.

---

सुवोनकर | रविवार, दुपारी १:०५

सहा वर्षं कोरियात नोकरी करतोय, म्हणून दोन-चार गोष्टी भाषेच्या अंगाने.

इंग्रजी नावात 'मी' आहे. कोरियन नावात नाही. 'साइबोगुजिमान क्वेनचाना', म्हणजे शब्दशः 'सायबोर्ग आहे पण ठीक आहे'. कोण म्हणतंय, कोणाबद्दल, काही नाही. ती स्वतःशी म्हणत असेल, तो तिला म्हणत असेल, आई म्हणत असेल. मराठीतही कर्ता असाच गाळता येतो, त्यामुळे केतकीने दिलेलं शीर्षक इंग्रजीपेक्षा मुळाच्या जवळचं आहे. शिवाय हे 'क्वेनचाना' अरे-तुरेतलं आहे, जवळच्या माणसाला म्हणायचं. वरिष्ठांना असं म्हणणार नाहीत.

दुसरं, यंग-गुनला रेडिओवरून सायबोर्गची सात पापं ऐकू येतात. दया, दुःखात बुडणं, हुरहुर, कचरणं, फुकाची दिवास्वप्नं, अपराधी वाटणं आणि कृतज्ञता. तिसरा शब्द कोरियनमध्ये 'सल्लेइम' असा काहीसा उच्चारतात. मला त्यासाठी इंग्रजी शब्द कधीच सापडला नाही, पण 'हुरहुर' चपखल बसतो. आपल्याकडे पुण्य मानलेल्या गोष्टींची ही यादी पापं म्हणून वाचून दाखवली की त्या मुलीला माणूस असण्याचं किती ओझं झालंय ते कळतं.

आणि तिसरं म्हणजे भात. इथे भाताला 'बाप' म्हणतात आणि जेवणालाही 'बाप'च. भेटल्यावर 'बाप मगस्सो?' विचारतात, म्हणजे भात खाल्लास का. आई फोनवर विचारते, मित्र विचारतो, भांडण झाल्यावर पहिला निरोप तोच येतो. आपल्या 'जेवलास का' सारखंच. त्यामुळे इल-सुनने भाताचंच यंत्र करावं, यात कोरियन माणसाला जे ऐकू येतं ते आपल्यालाही यायला हरकत नाही.

मनोरुग्णालयाला इथे जुनी माणसं 'टेकडीवरचं पांढरं घर' म्हणायची, नाव घ्यायचं टाळून. चित्रपटातले पांढरे कपडेवाले मी त्याच्याशी जोडतो. हा चित्रपट आला तेव्हाच्या कायद्यात दोन नातेवाईक आणि एक मनोविकारतज्ज्ञ मिळून माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करू शकत. २०१६च्या सप्टेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. बदललेला कायदा मे २०१७पासून लागू आहे. आजीला गाडीत घालून नेतात तो प्रसंग हे माहीत असताना पाहिला की वेगळा दिसतो.

---

डॉ_नीरजा | रविवार, रात्री १०:१५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. ओपीडीतून आल्यावर सगळा धागा वाचला. केतकीताईंचा प्रश्न आमच्याकडे रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भ्रम, आमच्या भाषेत संभ्रम, म्हणजे चुकीची माहिती नव्हे. चुकीची माहिती पुरावा दिला की जाते. संभ्रम पुराव्याने जात नाही, उलट पुरावा गिळून मोठा होतो. आत्यांचं 'तुला उतारा दिलाय' हे त्याचं अगदी नेमकं उदाहरण आहे. म्हणून आम्ही नातेवाइकांना सांगतो, वाद घालू नका. पण होला होही म्हणू नका. 'हो, शेजारीण विष घालते खरी' म्हणालात की उद्या रुग्ण शेजारणीच्या अंगावर जाईल आणि साक्षीला तुम्हाला उभं करेल. मधली वाट म्हणजे त्याच्या भीतीला हात घालायचा. 'तुला जेवायची भीती वाटतेय ना? काय केलं तर कमी वाटेल?' तुमच्या आजींनी हेच केलं. 'विष घालतात' हे त्या म्हणाल्या नाहीत आणि 'घालत नाहीत' हेही म्हणाल्या नाहीत. त्यांनी केळं पुढे ठेवलं. मी विद्यार्थ्यांना हा प्रसंग तुमची परवानगी असेल तर सांगेन.

या मापाने इल-सुन एक पाऊल पुढे जातो, तो यंत्र खरं असल्याचं सांगतो. डॉक्टर म्हणून मी ते करणार नाही. उद्या तिला कळलं तर तिचा माझ्यावरचा विश्वास जाईल, आणि तिच्याजवळ आधीच विश्वासाची माणसं किती आहेत?

काही गोष्टी चित्रपटात दाखवल्यात तशा समजू नयेत. विजेचे झटके, म्हणजे ईसीटी, आजही देतात आणि खूप दिवस खाणंपिणं सोडलेल्या काही रुग्णांचा जीव त्याने वाचतो. पण भूल देऊन आणि स्नायू शिथिल करून. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तसं न करता ईसीटी द्यायला बंदीच आहे. यंग-गुन त्या झटक्यांनी 'चार्ज' होते, ही दिग्दर्शकाची कल्पना मला मात्र आवडली. बाहेरून उपचार दिसतो आणि आतून तिला आपल्या समजुतीचा पुरावा मिळतो. तारांच्या प्रसंगातही तेच आहे. बघणाऱ्यांना आत्महत्येचा प्रयत्न दिसला. तिला मरायचं नव्हतं, तिला चालू व्हायचं होतं. म्हणून आम्ही 'काय केलंस' याच्याआधी 'कशासाठी केलंस' विचारायला शिकतो.

आणि यंत्राचा भ्रम नवा नाही. व्हिक्टर टाउस्क नावाच्या मनोविश्लेषकाने १९१९मध्येच लिहून ठेवलं आहे की काही रुग्णांना एक यंत्र दुरून आपल्याला चालवतंय असं वाटतं. यंत्र बदलत जातं, माझ्या रुग्णांच्या तोंडी आता मोबाइलचा टॉवर आणि चिप असते. यंग-गुनचं वेगळेपण असं की यंत्र बाहेर नाही, तीच यंत्र आहे. माणसं सोडून जातात, यंत्राला दुःख होत नाही. आजी गेल्यावर तिने यंत्र व्हायचं ठरवलं असेल तर मला नवल वाटत नाही.

शेवटचं, आणि हे महत्त्वाचं. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर जेवू घालू नका. शरीरातले क्षार झपाट्याने खाली जातात आणि हृदयावर बेतू शकतं. पडद्यावर ती जेवते आणि सगळे खूश होतात. घरी तो पहिला घास डॉक्टरांना विचारून, थोडा थोडा.

---

निळीशाई | रविवार, रात्री ११:४७

मी इथे सहसा कविता सोडून काही लिहीत नाही. आज लिहिते.

मला नऊ वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. औषधं घेते, नोकरी करते, मधूनमधून पडते, उठते. हा चित्रपट मी तीन वेळा पाहिला आहे.

अश्विन, तुमचा कंटाळ्याचा मुद्दा खरा आहे. मी दाखल होते तेव्हा गुरुवार कोणी चोरण्याइतका वेगळा नव्हता, सगळे वार सारखेच होते. पण एक गोष्ट या चित्रपटाइतकी खरी मी कुठेच पाहिली नाही. आजारात सगळं काळं नसतं. मला ऐकू यायचं त्यात एक आवाज फार प्रेमळ होता. औषधाने तो गेला तेव्हा मी त्याच्यासाठी रडले, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. यंग-गुन ट्यूबलाइटशी बोलते तेव्हा तिचा चेहरा बघा. ती घाबरलेली नाहीये, तिला सोबत आहे. हे डॉक्टरांना माहीत असतं, घरच्यांना नसतं, आणि चित्रपटवाल्यांना तर बहुतेक नसतंच. त्यांना आम्ही एकतर खुनी हवे असतो नाहीतर बिचारे.

डॉ. नीरजा, तुम्ही इल-सुनला डॉक्टरच्या मापाने मोजलंत. तो डॉक्टर नाही, त्याच वॉर्डातला आहे. डॉक्टरने ते यंत्र दाखवलं असतं तर ती फसवणूक झाली असती, मला तुमचं पटतं. पण ज्याला स्वतःला ठिपका होऊन नाहीसं व्हायची भीती आहे, त्याला 'मी यंत्र आहे' हे ऐकून हसू येत नाही. तो तिला विचारतो, यंत्र कसं चालतं, अडचण कुठे आहे. मग त्या अडचणीवर बसून काम करतो. मला वाटतं, तो खोटं बोलत नाहीये. तिच्या भाषेत दुरुस्ती करतोय. माझ्या वॉर्डात एक काकू होत्या. मला पाण्याची भीती वाटायची, ग्लासातलं पाणी माझ्याकडे बघतं असं वाटायचं. काकू ग्लासावर हात झाकून धरायच्या आणि म्हणायच्या, "आता त्याला दिसत नाही, पी." त्यांचं त्यांना इतकं असताना त्या माझ्यासाठी हात धरून उभ्या राहायच्या. त्यांना मी खोटारड्या म्हणू का?

माझी तक्रार एकच आहे. औषधं. चित्रपटात गोळ्या आहेत त्या पांढऱ्या कपडेवाल्यांच्या बाजूला आहेत. माझ्या आयुष्यात गोळ्या माझ्या बाजूला आहेत. काकूंचा हात आणि गोळी, दोन्ही लागलं.

---

अश्विन_द | सोमवार, सकाळी ७:३०

निळीशाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'गमतींचा संग्रह' हे मी बाहेरून पाहून लिहिलं. उलटे चालणारे गृहस्थ मला विनोदी वाटले कारण मी त्यांच्या मागच्या अपराधाच्या भावनेपर्यंत थांबलोच नाही. चित्रपट परत पाहीन. प्रेमाने बरं होण्याबद्दलची काळजी अजून आहे, पण ती या चित्रपटापेक्षा आपल्या समाजाबद्दलची आहे हे मान्य करतो.

आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४चा. अतुल कुलकर्णी त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या भूमिकेत आहे. दोन वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन चित्रपट शेजारी ठेवून बघायला हवेत. तिथे बहीण आहे, घर आहे, झाडं आहेत. इथे घर जवळजवळ नाहीच.

---

श्रावणी_मालिकावेडी | सोमवार, दुपारी २:२०

काल रात्री पूर्ण पाहिला! अश्विन, घर आहे की. यंग-गुनची आई आहे. मुलगी सांगते मी सायबोर्ग आहे, आणि आईचं म्हणणं काय, तर कोणाला सांगू नकोस. उपचाराचं नाव नाही, मिठीही नाही, फक्त लपव. मला त्या बाईचा राग आला आणि मग वाटलं, तिच्या आईला सगळ्यांदेखत नेलं होतं. आता मुलीलाही नेतील ही भीती असणार.

आमच्या नात्यात असंच झालं. मुलाच्या आजाराबद्दल 'अशक्तपणा आहे' सांगत सात वर्षं काढली. लग्नाच्या बाजारात बहिणीचं जमणार नाही म्हणून.

---

सुवोनकर | सोमवार, संध्याकाळी ७:४०

लपवण्यावरून आठवलं. कोरियनमध्ये स्किझोफ्रेनियाला पूर्वी 'जंगशिन बुन्यलब्यंग' म्हणत. शब्दशः मन दुभंगण्याचा रोग. म्हणजे आपलं 'छिन्नमनस्कता'च. नुसत्या नावाने लोक घाबरायचे, निदान सांगितलं की घरचे रुग्णाला घेऊन निघून जायचे. २०११मध्ये इथे नाव बदललं. आता 'जोह्यनब्यंग' म्हणतात. 'जोह्यन' म्हणजे वाद्याची तार जुळवणं. तार उतरलीय किंवा चढलीय, ती जुळवून घ्यायची. तंबोरा जुळवताना पाहिलेल्या मराठी माणसाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

चित्रपट २००६चा, म्हणजे यंग-गुनच्या कागदावर जुनंच नाव असणार.

---

निळीशाई | सोमवार, रात्री ८:०२

तार जुळवणं.

माझ्या पहिल्या केसपेपरवर 'छिन्नमनस्कता' लिहिलेलं वाचून माझ्या बाबांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि आईला दाखवलाच नाही. दुसरा शब्द असता तर दाखवला असता, असं वाटत राहिलं आहे आत्ता.

---

संध्या_६२ | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार. मी इथे फक्त वाचते. चित्रपट पाहिलेला नाही. माझ्या धाकट्या दिरांना असंच झालंय. वय ४४. चार दिवस झाले, ताटाला हात लावत नाहीत. कालपासून पाणीही घोट-दोन घोटच. म्हणतात, नळातून काहीतरी सोडलंय. आम्ही सगळे पिऊन दाखवतो तर म्हणतात तुम्ही त्यांच्यातले. आधी औषधं चालू होती, दिवाळीनंतर त्यांनीच बंद केली. केतकी, तुमच्या आजींचं वाचून आज शहाळं आणलं, अख्खं. त्यांच्यासमोर कोयत्याने फोडलं. अर्धं प्यायले. यावर किती दिवस काढता येतील?

---

डॉ_नीरजा | सोमवार, रात्री ९:२६

संध्याताई, एकही नाही. शहाळं प्यायले ते फार चांगलं झालं, पण चार दिवस अन्न नाही आणि आता पाणी कमी, यात थांबायचं नसतं. आज रात्रीच जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या, मनोविकार विभाग असलेलं मोठं सरकारी किंवा खासगी कुठलंही. कधीपासून जेवले नाहीत, लघवी किती होतेय आणि औषधं कधी थांबली, हे तीन पहिल्यांदा सांगा. जुना केसपेपर आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर घ्या. न्यायचं कसं हे सुचत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर आत्ता फोन करा, मराठीत बोलता येतं. जबरदस्तीने उचलून नेण्याआधी त्यांना विचारून पाहा, अंगात त्राण नाही ना, सलाइन लावून येऊ या का. अशक्तपणा त्यांनाही जाणवत असतो.

---

केतकी_क | सोमवार, रात्री ९:३१

संध्याताई, डॉक्टर म्हणतात तसंच करा. आम्हीही आत्याला दाखवलं होतंच, केळी त्याच्या जोडीला होती. एक शहाळं न फोडता बरोबर ठेवा, वाटेत लागलं तर. आणि नेताना जे त्यांचं म्हणून आहे, चष्मा, रुमाल, काय असेल ते, विसरू नका. ती कवळी माझ्या डोक्यातून जात नाहीये.

---

निळीशाई | सोमवार, रात्री ९:४०

आणि त्यांना सांगा की तुम्ही परत येणार आहात, कधी ते वेळ सांगून. मला कोणी सांगितलं नव्हतं.

---

संध्या_६२ | बुधवार, सकाळी ६:५०

सगळ्यांना नमस्कार. सोमवारी रात्री साडेअकराला नेलं. सलाइनचं ऐकून स्वतःच चप्पल घालून उभे राहिले. दाखल करून घेतलंय, सलाइन चालू आहे, तपासण्यांचे रिपोर्ट आज येतील. चष्मा नेला, त्यांची जपमाळ नेली. यजमानांनी सांगितलं होतं, सकाळी आठला येतो, आणि पावणेआठला पोचले.

तिथलं जेवण अजून घेत नाहीत. काल संध्याकाळी मी सिस्टरना विचारलं, घरून काही आणलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, डॉक्टरांना विचारून सांगते. मग परत आल्या आणि म्हणाल्या, उद्या अर्धं केळं द्या, सोलू नका, त्यांचं त्यांना सोलू दे.

आता फणी घेऊन निघतेय.